क्यूआरवर आलेल्या पैशाची नोंद किती वर्षं आणि कशी ठेवायची: बेळगाव सीमाभागातल्या दुकानदारांसाठी

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा काढल्या, तेव्हा बेंगळुरूतल्या कितीतरी दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी गावोगावी पोचली. विभागाने २०२१-२२ ते २०२४-२५ या वर्षांची माहिती यूपीआय सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून मागवली होती. पुढे मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांशी बैठक घेतली, जीएसटी नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं जाहीर केलं, आणि दूध, भाजी, फळं विकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या गडबडीत मूळ मुद्दा मागे राहिला. बँकेला रक्कम ठाऊक असते, कारण ठाऊक नसतं. खात्यात आलेले पाच हजार विक्रीचे, उधारीच्या वसुलीचे, मुलाने पुण्याहून पाठवलेले की कुणाला रोख देऊन घेतलेले, हे फक्त दुकानदार सांगू शकतो, आणि तेही लिहून ठेवलं असेल तरच. तीन वर्षांनी आठवणीवर खुलासा देता येत नाही. म्हणून नोंदी जपायच्या म्हणजे स्टेटमेंटची थप्पी लावायची एवढंच नव्हे, प्रत्येक रकमेशेजारी तिचं कारण जपायचं.

आधी मुदत

जीएसटीची नोंदणी असेल तर कायद्याचं कलम ३६ लागू होतं. ज्या वर्षाचा हिशेब, त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सगळ्या नोंदी ठेवायच्या. वर्ष संपल्यापासून सहा वर्षं, असा अनेकांचा समज आहे आणि तिथेच नऊ महिन्यांचा फरक पडतो. २०२४-२५ चं उदाहरण घ्या. वार्षिक विवरणपत्राची ठरलेली तारीख ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे नोंदी ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत लागतील. सरकार कधी कधी ही तारीख पुढे ढकलतं, मग मुदतही तेवढी लांबते. अपील किंवा चौकशी चालू असेल तर अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा ही ७२ महिन्यांची मुदत, यांत जे उशिरा संपेल ते धरायचं.

आयकराचं गणित थोडं वेगळं. डॉक्टर, वकील, सीए यांसारख्या ठरावीक व्यावसायिकांना १९६१ च्या कायद्याखालील नियम ६एफ नुसार निर्धारण वर्ष (हिशेबाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं वह्या ठेवाव्या लागतात. २०२४-२५ चं निर्धारण वर्ष ३१ मार्च २०२६ ला संपतं, म्हणजे मर्यादा ३१ मार्च २०३२. दुकानदाराला हा नियम थेट लागू नसला तरी त्याने हीच तारीख धरावी असं माझं ठाम मत आहे. कारण लपवलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याचा संशय असेल, तर निर्धारण वर्ष संपल्यापासून सव्वापाच वर्षांपर्यंत फाइल पुन्हा उघडता येते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, पण जुन्या वर्षांचा हिशेब जुन्या कायद्यानेच पाहिला जातो. तेव्हा नवा कायदा आला म्हणून जुन्या वह्या रद्दीत घालू नका.

दोन्हींतली उशिराची तारीख धरली की लक्षात ठेवायला एकच उरते: आर्थिक वर्ष संपल्यापासून सात वर्षं. २०२४-२५ चा खोका ३१ मार्च २०३२ पर्यंत हलवायचा नाही. नोटिसा आलेल्या चार वर्षांतलं सगळ्यात जुनं वर्ष २०२१-२२, त्याचा खोका ३१ मार्च २०२९ पर्यंत. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ आर्थिक वर्षं. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टला आयकराच्या नियम १७एए खाली निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षं. एखादं मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल आणि गणपतीची वर्गणी क्यूआरवर घेत असेल, तर त्याच्या खजिनदाराने हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

आपल्या बाजारात दिवाळी पाडव्याला नवी वही घालायची रीत आहे. ती जरूर पाळा. फक्त मुदत मोजताना १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष धरा, आणि पाडव्याच्या वहीत ३१ मार्चच्या पानावर ठळक रेघ ओढून त्या दिवसाची शिल्लक लिहा.

पहिली पायरी: पैसा किती दारांनी येतो ते लिहा

कोऱ्या कागदावर दुकानात पैसा येण्याच्या सगळ्या वाटा मांडा. काउंटरवरचा क्यूआर, दुसऱ्या कंपनीचा जुना क्यूआर, कार्डाचं मशीन, मोबाइल नंबरवर थेट येणारे पैसे, एनईएफटी आणि चेक. प्रत्येकासमोर लिहा: कोणत्या बँकेचं खातं, कुणाच्या नावावर, कोणता मोबाइल नंबर जोडलेला, कधीपासून कधीपर्यंत चालू.

हे काम दहा मिनिटांचं वाटतं, पण खरा गुंता इथेच सापडतो. खडेबाजार असो की निपाणीची पेठ, घरचं दुकान असलं की एक क्यूआर वडिलांच्या बचत खात्याचा, एक सुनेच्या नावाचा आणि एक धंद्याच्या चालू खात्याचा, असं हमखास असतं. विभागाकडे माहिती खातेदाराच्या पॅननुसार जाते. विक्री दुकानाची आणि पॅन सुनेचा, असं असेल तर नोटीस सुनेला येईल. म्हणून आजच ठरवा: दुकानाचा क्यूआर एकच, चालू खात्याला जोडलेला, आणि घरच्या पैशांसाठी वेगळं खातं. जुने क्यूआर काढून टाकण्याआधी मात्र त्यांचा सगळा अहवाल उतरवून घ्या. कंपनीशी संबंध तुटला, ॲप काढलं किंवा नंबर बंद झाला, की मागचे व्यवहार मिळवायला फार पायपीट होते.

दुसरी पायरी: दर महिन्याला दोन्ही अहवाल उतरवा

एक बँकेचं स्टेटमेंट, दुसरा क्यूआर कंपनीच्या व्यापारी ॲपमधला व्यवहारांचा अहवाल. एकाने भागत नाही. ॲपच्या अहवालात दिवसभराच्या साठ-सत्तर रकमा सुट्या दिसतात. बँकेत त्यांची अनेकदा एकच ठोक रक्कम जमा होते, तीही कधी दुसऱ्या दिवशी. ३१ मार्चची विक्री १ एप्रिलला जमा झाली तर ती कोणत्या वर्षाची, हे सुट्या अहवालावरूनच सिद्ध होतं.

उतरवताना पीडीएफ घ्या आणि एक्सेलमध्ये उघडणारी फाइलही घ्या. पीडीएफ पुराव्यासाठी, दुसरी बेरीज-वजाबाकीसाठी. मूळ फाइलीला हात लावायचा नाही. रंग भरायचे, शेरे लिहायचे तर तिची प्रत काढून त्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७ सांगतं की इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे पाहता यावी, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असावी, आणि ती कुठून आली, कुठे गेली, कधी, हे तिच्यावरून कळावं. फोनच्या गॅलरीतला स्क्रीनशॉट या कसोटीला पुरत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, समजा उधारी बुडवणाऱ्यावर दावा लावला, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलीचं हॅश मूल्य (फाइलीवरून संगणकाने काढलेला, जणू तिच्या ठशासारखा आकडा) नमूद करायचं असतं. फाइलीत एक अक्षर बदललं तरी हे मूल्य बदलतं.

प्रत्येक ओळीत यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक, आहे ना, ते पाहा. यूपीआयचा हा नंबर बारा अंकी असतो, एनईएफटीचा सोळा आणि आरटीजीएसचा बावीस अक्षरी. कुठलीही तक्रार किंवा खुलासा करताना बँक पहिल्यांदा हाच नंबर मागते. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले पण आपल्याला आले नाहीत, हा काउंटरवरचा नेहमीचा वाद. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेलं असं अडकलेलं यूपीआय पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेलं पाहिजे. नाही गेलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला यूटीआर लिहून घ्यायला सांगा आणि आपणही टिपून ठेवा.

फाइलीचं नाव सरळ ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग खातं. ‘२०२५-०७ चालू खाते’ असं लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. स्टेटमेंटचा पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा, नाहीतर सहा वर्षांनी फाइल असूनही उघडता येणार नाही.

तिसरी पायरी: रोज रात्री कारण लिहा

गल्ला मोजताना आणखी दहा मिनिटं द्या. समजा, आज क्यूआरवर एकूण १८,६४० रुपये आले. रोजकीर्दीत एवढाच आकडा लिहून वही मिटू नका. फोड करा: आजची विक्री १४,९००, जुनी उधारी वसूल २,५००, शेजाऱ्याला रोख देऊन क्यूआरवर घेतलेले १,०००, घरचे २४०. बेरीज १८,६४० जुळली पाहिजे.

या चारपैकी उलाढालीत फक्त पहिला आकडा येतो. उधारीचे २,५०० हे ज्या दिवशी माल दिला आणि बिल केलं त्या दिवशीच विक्रीत धरलेले असतात. आज पुन्हा धरले तर एकाच मालाची विक्री दोनदा मोजली जाते. म्हणून वसुलीसमोर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख लिहा, आणि खतावणीत त्या गिऱ्हाइकाच्या पानावर तेवढी रक्कम जमा दाखवा. पैसे क्यूआरवर घेऊन रोख देणं तर गावाकडे सर्रास चालतं. एटीएम लांब असतं, माणूस ओळखीचा असतो, नाही म्हणवत नाही. पण रोज हजार-दोन हजार असे आले तर वर्षाला तीन-सात लाखांची खोटी उलाढाल खात्यात उभी राहते. देणं थांबवा असं मी म्हणणार नाही. नाव, रक्कम आणि यूटीआरचे शेवटचे चार अंक लिहिल्याशिवाय देऊ नका, एवढंच.

लिहिलेलं खोडून त्यावर गिरवू नका. चूक झाली तर एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करा. जीएसटी नियम ५६ मध्ये हे स्पष्ट आहे: नोंद खोडायची, पुसायची किंवा तिच्यावर गिरवायचं नाही. संगणकावर हिशेब असेल तर बदललेल्या आणि काढून टाकलेल्या नोंदींचा लॉग राहिला पाहिजे, म्हणून सॉफ्टवेअरमधली ती सोय कुणाला बंद करू देऊ नका.

चौथी पायरी: बिलाशी सांगड

दोनशे रुपयांच्या आतली विक्री असेल, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि त्याला बिल नको असेल, तर प्रत्येकाचं वेगळं बिल करावं लागत नाही. दिवसअखेर अशा सगळ्या विक्रीचं एकच बिल करता येतं. चहा, नाश्ता, स्टेशनरीवाल्यांना ही मोठी सोय आहे. तेच एकत्रित बिल त्या दिवसाच्या क्यूआरच्या बेरजेला जोडा.

करमाफ माल आणि कराचा माल यांच्या बेरजा रोजच्या रोज वेगळ्या ठेवा. केवळ ताजी भाजी किंवा सुटं दूध विकणाऱ्याला, उलाढाल कितीही असली तरी, जीएसटी नोंदणी लागत नाही. पण त्याच दुकानात बिस्किटं आणि साबण आले की माफ मालाची विक्रीसुद्धा नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेत मोजली जाते. अर्ध दुकान भाजीचं म्हणून आपण सुटलो, असं समजणारे इथेच अडकतात.

कार्ड मशीनबद्दल एक गोष्ट. १०,००० ची विक्री झाली, बँकेने ०.९० टक्के म्हणजे ९० रुपये कापले, त्यावर १८ टक्के जीएसटी १६.२०, आणि खात्यात ९,८९३.८० आले. तरी विक्री १०,००० चीच लिहायची. कापलेले पैसे खर्चात जातात. मशीनमधून निघणारी चिठ्ठी थर्मल कागदावर असते आणि वर्षभरात तिची शाई उडते. महत्त्वाची असेल तर त्याच आठवड्यात फोटो किंवा झेरॉक्स काढा. आणि कार्डाचा पूर्ण नंबर, मागचे तीन अंक, मुदत हे वहीत काय, फोनवरही लिहू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला हिशेबासाठी कार्डाचे शेवटचे चार अंक आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव, एवढंच ठेवता येतं.

आयकरात या नोंदींचा थेट फायदाही आहे. २ कोटींपर्यंतच्या (रोख वसुली ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंतच्या) उलाढालीवर अंदाजित नफ्याची सवलत घेतली, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरला जातो. ३० लाखांच्या विक्रीत २० लाख क्यूआरवर आले असतील तर नफा २ लाख, सगळीच विक्री रोख असती तर २ लाख ४० हजार. ते २० लाख दाखवायला कागद तर हवा.

सीमेवर असल्यामुळे वाढणारं काम

आपला बाजार राज्याच्या रेषेवर थांबत नाही. निपाणीचा व्यापारी कागल-कोल्हापूरहून माल भरतो, बेळगावला चंदगडचं गिऱ्हाईक येतं, खानापूर आणि कारवारचा व्यवहार गोव्याशी, भालकीचा उदगीर-लातूरशी. त्यामुळे काही नोंदी आपल्याला जास्त जपाव्या लागतात.

कोल्हापूरहून घेतलेल्या मालाच्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, असतो. त्या बिलामागे आपण पाठवलेल्या पैशाचा यूटीआर लिहा आणि ५०,००० च्या वरच्या मालाचं ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) त्यालाच टाचा. बिल, पेमेंट, ई-वे बिल आणि माल आल्याची नोंद एका जागी असेल, तर इनपुट क्रेडिटवरच्या (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीवरच्या) प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर देता येतं.

आपण दुसऱ्या राज्यात माल पाठवून विकत असाल, तर सर्वसाधारणपणे ४० लाखांची सूट मिळत नाही, नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला) तर परराज्यात विक्रीच करता येत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन गडहिंग्लजला पार्सल पाठवणाऱ्यांनी क्यूआरची नोंद आणि पार्सलची पावती एकत्र पाहावी. खात्यात ते दिसतंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून आणखी एक नियम आला: नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पत्ता लिहिला तर पुरवठ्याची जागा त्या पत्त्याप्रमाणे ठरते, पत्ता नसेल तर दुकानाच्या जागेप्रमाणे. चंदगडच्या गिऱ्हाइकाने काउंटरवर माल नेला आणि आपण बिलावर महाराष्ट्राचा पत्ता घातला, तर कराचा प्रकार बदलू शकतो. आपल्या बिलांवर सवयीने काय छापलं जातं, ते सल्लागाराला दाखवून घ्या.

एकाच पॅनवर निपाणीत एक आणि कोल्हापुरात दुसरं दुकान असेल तर उलाढाल दोन्हींची मिळून मोजतात. दोन्हीकडच्या नोंदी वेगळ्या ठेवा, पण वर्षाची बेरीज एकत्र करून पाहा.

नोंदी कुठे ठेवायच्या

ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय एकाच वेळी चढल्या आणि काठावरच्या बाजारपेठांत वह्या लाकडी कपाटात भिजून लगदा झाल्या. जीएसटी नियम ५७ इलेक्ट्रॉनिक नोंदींची अशी दुसरी प्रत ठेवायला सांगतो, की अपघाताने किंवा निसर्गाच्या कोपाने मूळ नष्ट झाली तरी माहिती वाजवी वेळेत परत मिळावी. एक प्रत दुकानाच्या संगणकात, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर घरी, एक क्लाउडवर. वर्षातून एकदा जुनी डिस्क लावून चार फाइली उघडून बघा. नुसती डिस्क कपाटात आहे म्हणजे नोंद आहे, असं होत नाही. हाताने लिहिलेल्या रोजकीर्दीचे महिन्याच्या शेवटी मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. भरलेली विवरणपत्रंही उतरवून ठेवा, कारण जीएसटी पोर्टलचं धोरण ती सात वर्षंच दाखवण्याचं आहे.

पुरात किंवा आगीत वह्या गेल्याच, तर त्याच आठवड्यात पोलिसांत नोंद करा, विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. नोटीस आल्यावर ‘वह्या भिजल्या’ म्हणणं फार उशिराचं ठरतं.

नोटीस आली तर

वर ‘वाणिज्य तेरिगेगळ इलाखे’ (वाणिज्य कर विभाग) असं कन्नडमध्ये दिसलं तर घाबरून पाकीट बाजूला ठेवू नका. उत्तराची मुदत आतच लिहिलेली असते. कन्नड नीट वाचता येत नसेल तर जाणकाराकडून ओळ न् ओळ समजून घ्या आणि मराठीत लिहून काढा. संदर्भ क्रमांक पोर्टलवर तपासा, कारण खोट्या नोटिसा पाठवून पैसे उकळणारेही आहेत. ती खुलासा मागणारी आहे की कर मागणारी, हे पाहा. २०२५ च्या नोटिसा अंतिम मागणीच्या नव्हत्या, असं विभागानेच नंतर स्पष्ट केलं होतं.

मग वर्षनिहाय एक पान करा. सगळ्यात वर विभागाने धरलेली जमा रक्कम. खाली एकेक वजा करत या: घरचे, उसने, रोख देऊन घेतलेले, आधीच विक्रीत धरलेली उधारी, एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेले. उरली ती विक्री. तिचे माफ आणि करपात्र असे दोन भाग. त्यात रोख विक्री मिळवायला विसरू नका, कारण मर्यादा एकूण विक्रीची आहे आणि अर्धवट खुलासा पुढे अंगाशी येतो. प्रत्येक वजावटीला रोजकीर्दीचं पान जोडा. मूळ वही देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. मूळ ताब्यात घेतलीच तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

आणि मग काढून टाकणं

सात वर्षं झालेला खोका काढण्याआधी तीन गोष्टी तपासा: त्या वर्षाचं अपील किंवा चौकशी चालू नाही, त्या वर्षाच्या उधारीवर दावा नाही, आणि त्या वर्षात घेतलेलं मशीन, जागा किंवा कर्ज अजून हिशेबात नाही. मालमत्ता आणि कर्जाचे कागद ते व्यवहार संपेपर्यंत वेगळे काढून ठेवा. बाकीचे रद्दीवाल्याला तसेच देऊ नका; त्यांत गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि खात्यांचे तपशील असतात. कागद फाडून, फाइली सगळ्या प्रतींमधून पुसून टाका. काय काढलं, कोणत्या वर्षाचं, कोणत्या तारखेला, हे चालू वहीच्या शेवटच्या पानावर लिहून सही करा, आणि ते पान पुढच्या वहीतही उतरवत न्या.